आत ओढून म्हणायचा शब्द

टोप्यांवर छापलाय तो शब्द. कॉफीच्या मगांवर छापलाय. आमच्या पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं कुंड आहे, त्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलाय, म्हणजे दिवसभर उभं राहून कंबर मोडलेली बाई जरा शेकायला पाण्यात उतरली की आधी तोच डोळ्यांत घुसतो. लुस्सिमे. घ्या, मीही लिहिला. आता लिहायला कोणाची चोरी नाही. पण तो होता कोणाचा, हे आमच्या खाडीत कोणी बोलत नाही. सगळे मूग गिळून बसलेत. म्हणून मी बोलते.

मी हाल्ला. माशांच्या कारखान्यात योरुनच्या समोर उभी राहून माझं अर्धं आयुष्य गेलं. आमच्यामध्ये माशातले काटे दिसावेत म्हणून खालून दिवा लावलेलं टेबल, त्यावर कॉड माशाच्या पट्ट्या, तिच्या हातात सुरी आणि माझ्या हातात सुरी. नवऱ्याचा चेहरा मी जेवढा पाहिला नसेल तेवढा तिचा पाहिलाय, तोही खालून उजेड पडलेला, भुतासारखा. सुंदर नव्हती कधीच. नाकात तपकीर, बोटांना कायमचा गारठा, आणि जीभ सुरीपेक्षा धारदार.

एकदा आमच्या मुकादमाने, ओद्दुरने, आमच्या पायांखालचे रबरी गालिचे काढून नेले. म्हणे धुवायला अडचण होते. नुसत्या ओल्या फरशीवर उभ्या राहिलो आम्ही.  दुपारी कॉफीच्या वेळी योरुन ओद्दुरच्या खोलीत गेली, त्याच्या खुर्चीवरची गादी उचलली, बाहेर आणली आणि पायाखाली घालून कामाला लागली. ओद्दुर लालबुंद. "अगं, ती माझी गादी आहे!" "धुवायला अडचण होते," ती म्हणाली, "काढून टाकली." संध्याकाळच्या आत गालिचे परत आले. अशी होती ती. तिच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे.

पण हे सगळं बाहेरचं. आतली योरुन एकाच माणसासाठी होती, तिच्या धाकट्या बहिणीसाठी, स्वावासाठी.

या दोघी खाडीच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी वाढल्या. शेजार म्हणजे मेंढ्या, वारा आणि अंगणाच्या टोकाला एक मोठा करडा खडक. त्या खडकात ती माणसं राहतात असं सगळे धरून चालत. कोणती माणसं ते तुम्हाला कळलंच असेल. आपल्यासारखीच दिसतात, गुरं पाळतात, लग्नं करतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत. मी हे मानते का, ते विचारू नका. मी मानत नाही. पण त्यांच्या खडकाला सुरुंग लावा म्हणालात तर मी येणार नाही, आणि या देशात कोणी शहाणा येणार नाही.

त्यांची आई फार कडक होती त्या बाबतीत. त्यांचं नाव घरात उच्चारायचं नाही. घराबाहेर नाही, मेंढवाड्यात नाही, हळूसुद्धा नाही. नाव घेतलं की त्यांना वाटतं आपल्याला बोलावलंय, आणि मग ते येऊन बसतात. स्वावाच्या तोंडून एकदा निसटलं, तर आईने तिच्या मुस्काटात लाकडी चमचा हाणला. ओठ फुटला. म्हणून त्या दोघींनी बोलायला आपली वेगळी भाषा काढली. मुलंच ती. कोल्ह्याला एक शब्द, पाद्रीबुवांना एक, पाय गार पडले की एक, आईचा मूड बिघडला की एक. आणि खडकातल्या माणसांना लुस्सिमे.

आता हे नीट ऐका, कारण हे कोणालाच माहीत नाही. आमच्याकडे बायका "हो" म्हणतात ते कधी ऐकलंय? बोलता बोलता श्वास आत ओढतात आणि त्या श्वासावरच "हो" म्हणतात. तसा तो शब्द होता. आत ओढून म्हणायचा. बाहेर फेकला तर आईला ऐकू जाणार, आत ओढला तर शेजारच्या उशीपलीकडे जात नसे. आणि एकीने म्हटला की दुसरीने तसाच आत ओढून परत म्हणायचा. म्हटला नाही तर जागी नाहीस, झोपलीस असं धरायचं.

मोठ्या झाल्या तशी बाकीची भाषा विरून गेली. कोल्ह्याचा शब्दसुद्धा योरुनला आठवत नसे. तेवढा एक राहिला. स्वावा मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकीण म्हणून लागली. आठवडेच्या आठवडे समुद्रावर असायची. मग धक्क्याला जहाज लागायचं, ही खाली उतरायची, माशाचा वास मारत असायची, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या योरुनपाशी येऊन पहिली हीच गोष्ट करायची. एक आतला श्वास. योरुनचा एक आतला श्वास. मग पोत्यांची ओढाताण, शिव्या, "किती जाडी झालीस गं" वगैरे. मी पाहिलंय हे कितीदा तरी. मला वाटायचं, दोघींना एकदम दमा कसा लागतो?

स्वावाला मुलगा झाला, इल्लुगी. बापाचं नाव तिने कधी घेतलं नाही, आणि योरुनने कधी विचारलं नाही. आई समुद्रावर, म्हणून तो योरुनकडेच वाढला. तिचाच पोरगा म्हणा ना. तिने त्याला स्कीर, म्हणजे आमचं घट्ट दही, भरवलं, सुक्या माशाला लोणी लावून दिलं, वह्या तपासल्या, मारलं, पोटाशी धरलं. घरात दोघी बहिणी एकमेकींशी आतल्या श्वासात काय म्हणतात हे तो लहानपणापासून ऐकत होता. पोरांच्या कानांना दार कुठे असतं? एकदा विचारलंही असेल, आणि स्वावाने हसून सांगितलंही असेल. त्याचा राग नाही मला.

मग स्वावाला झटका आला. जहाजावरच. हेलिकॉप्टरने उचलून नेली, जगली, पण अर्धं अंग गेलं आणि बोलणं पार गेलं. डॉक्टर म्हणाले, ऐकते, पण शब्द सापडत नाहीत. आमच्या खाडीतल्या वृद्धाश्रमात तिला ठेवली. पहिल्या रविवारी मी योरुनबरोबर गेले. स्वावा खिडकीकडे तोंड करून बसलेली, तोंडाचा एक कोपरा लोंबता. योरुन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. नुसता श्वास आत ओढला.

आणि स्वावाने परत दिला. स्पष्ट. लुस्सिमे.

योरुन त्या दिवशी बाहेर येऊन गाडीत बसली आणि माझ्या डॅशबोर्डवर डोकं टेकून रडली. "आहे," म्हणाली, "आत आहे ती. जागी आहे." नंतर दर रविवारी हेच. गेलं, बसलं, श्वास, श्वास. मग योरुन आठवडाभराच्या कारखान्यातल्या चहाड्या सांगायची, ओद्दुरला शिव्या घालायची आणि स्वावा अर्ध्या तोंडाने हसायची. एवढंच होतं त्यांच्याकडे. पण तेवढ्यावर चाललं होतं.

इल्लुगी राजधानीत होता. संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत. हुशार पोरगा, ते मी नाकारत नाही. सप्टेंबरमध्ये, मेंढ्या डोंगरावरून खाली आणतात त्या दिवसांत, त्याचा फोन आला. योरुनने कारखान्यातच उचलला, हातमोजे काढून, यंत्रांच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून, त्यामुळे समोर उभी मी दोन्ही बाजू ऐकत होते.

"मावशी! खेळ बाहेर आला! जगभर! आणि त्यात कोण आहेत सांग? तुमचे लुस्सिमे!"

योरुनने सुरी खाली ठेवली. "कोण?"

"लुस्सिमे गं! खडकातून बाहेर येतात. निळे दात, लांब हात. भन्नाट दिसतात. लोक वेडे झालेत."

"आणि काय करतात?"

"ते काय करणार? त्यांना मारायचं! तोच तर खेळ आहे. आधी कुऱ्हाडीने, पुढे गेलं की आगीने."

 मला वाटलं, आता फोन भिंतीवर बसतो. पण ती अगदी हळू बोलली, आणि ती हळू बोलली की मला भीती वाटते. "इल्लुगी, अरे, तुझ्या आईच्या तोंडात तेवढाच एक शब्द उरलाय."

"म्हणून तर घेतला मावशी! आईसाठीच. आता तो कधी मरणार नाही."

"तिला विचारलंस?"

"तिला कसं विचारणार? ती बोलते का?"

"मला विचारलंस?"

तो म्हणाला, "तुला आनंद होईल असं वाटलं." आणि शपथेवर सांगते, त्याला खरंच तसं वाटलं होतं. ह्यानेच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वाईट माणसाशी भांडता येतं. या असल्या प्रेमळ गाढवांशी काय भांडायचं?

ऑक्टोबरमध्ये तो स्वतः आला. आईला बघायला. येताना मोठा पडदा घेऊन आला, तिच्या खोलीत भिंतीवर ठोकला आणि त्यावर खेळ लावून दिला. मधूनमधून पडद्यातला खडक फुटायचा, निळ्या दातांचं ध्यान उडी मारायचं आणि एक घोगरा बाप्या ओरडायचा, "लुस्सिमे!" बाहेर फेकून. सगळी थुंकी त्या शब्दात. स्वावा दचकायची, बघायची. "बघ, ओळखते!" इल्लुगी म्हणाला. डोळ्यांत पाणी त्याच्या. दोन दिवसांनी राजधानीला निघून गेला. पडदा राहिला.

वृद्धाश्रमात तिन्ना म्हणून एक मुलगी आहे, कामाला. सोन्यासारखी पोर. तिने काय केलं, तर तो शब्द पाठ केला. सकाळी उठवताना, "लुस्सिमे, स्वावा!" आंघोळ घालताना, "लुस्सिमे!" जेवण भरवताना, गोळ्या देताना. मग स्वयंपाकीण म्हणायला लागली, मग फरशी पुसणारा, मग शेजारच्या खोलीतला एक म्हातारा, ज्याला स्वतःचं नावही धड आठवत नाही. तिन्ना मोठ्या आनंदाने सांगायची, "योरुन, बघ ना, आता सगळे तिच्याशी तिच्या भाषेत बोलतो आम्ही!" योरुनने तिला समजावलं. एकदा नाही, दर वेळी. "पोरी, हे म्हणू नकोस गं. हे फक्त आमच्या दोघींचं आहे." तिन्ना मान डोलवायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पडदा काढा म्हटलं, तर मुलाने लावलाय, कागदोपत्री तो जवळचा, त्याची परवानगी लागेल. परवानगी! दोघी एका गादीवर झोपल्या, एकाच चमच्याचा मार खाल्ला, आणि परवानगी त्याची!

नाताळच्या आधीचा एक रविवार. आम्ही गेलो. योरुनने बर्फाचे बूट दारात काढले, मोज्यांनी चालत आत गेली, स्वावासमोर गुडघ्यांवर बसली. श्वास आत ओढला. लुस्सिमे.

स्वावाने मान वळवली. पडद्याकडे.

योरुनने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला. पुन्हा म्हटला, हळू, आत ओढून, उशीपलीकडे जाणार नाही एवढा. स्वावाचे डोळे पुन्हा भिंतीकडे गेले आणि तिथेच थांबले. आता ते निळं ध्यान येईल म्हणून ती वाट बघत होती. दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ तिला हेच शिकवलं होतं आम्ही सगळ्यांनी, की हा शब्द आला की भिंतीकडे बघायचं. शिकली बिचारी.

योरुन उठली. गुडघे झटकले. मला म्हणाली, "चल." गाडीत रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती रागाने नुसती धुमसत होती. आमच्या गावच्या समितीची प्रमुख बेर्गलिंद, नेमकी त्याच आठवड्यात आम्हाला दुकानात लोण्याच्या कपाटापाशी भेटली. कुंडाची भिंत हिनेच रंगवून घेतलेली. हिची बातमी अशी की, यंदा तेराव्याची होळी खेळाची कंपनी करून देणार. मोठे ध्वनिवर्धक, मोठा पडदा, राजधानीहून पाहुणे. तेरावा म्हणजे नाताळपासूनचा तेरावा दिवस. त्या संध्याकाळी आम्ही समुद्रकिनारी आग पेटवतो, गावातला कोणीतरी खडकवाल्यांचा राजा होतो, कोणी राणी, आणि वर्षअखेरीला आपल्या दारांवरून इकडेतिकडे फिरणाऱ्या त्या मंडळींना मानाने निरोप देतो. आमची राणी कित्येक वर्षं योरुनच. तिचा झगा स्वावाने जहाजावर बसून शिवलेला, जुन्या निळ्या पडद्याचा.

"तू यायचंसच," बेर्गलिंद म्हणाली. "फक्त यंदा पोशाख खेळातला. शिंगं आहेत, पण हलकी आहेत. आणि निरोपाच्या जागी सगळ्यांनी मिळून ओरडायचं, लुस्सिमे, लुस्सिमे! चित्रीकरण आहे."

"मी नाही येणार."

"अगं, किती ताणतेस! एक शब्दच तर आहे. तुझ्या ताटातलं काय कमी झालं?"

योरुनने लोण्याचा पुडा टोपलीत टाकला. "तुझ्या पोराचं नाव काय गं? बाल्दुर ना? उद्यापासून माझ्या कुत्र्याला बाल्दुर म्हणणार मी. आणि धक्क्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना. एक नावच तर आहे."

 दुकानातले बाकीचे? एक जण योरुनच्या बाजूने बोलेल तर शपथ. सगळ्यांना एकदम बटाट्यांच्या पिशव्यांवरची तारीख वाचायची होती. लहानपणी योरुनकडे जेवलेले, तिच्याकडून मोजे विणून घेतलेले लोक! खेळाच्या कंपनीकडून नवीन घसरगुंडी मिळणार होती ना तलावाला.

तेराव्याला संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळं गाव किनाऱ्यावर. वृद्धाश्रमाची बसही आली होती. स्वावा चाकांच्या खुर्चीत, नाकापर्यंत गोधड्यांत गुंडाळलेली, शेजारी इल्लुगी. लाकडांचा ढीग मांडलेला, वर फुटक्या होड्या. राजधानीहून आणलेली एक उंच पोरगी शिंगं लावून थंडीने कुडकुडत उभी. आणि मशाल धरून आमचा क्येतिल, बचाव पथकाचा म्हातारा, जो दर वर्षी आग लावतो. नियम असा की राणी टेकाडावरून उतरून निरोपाचे शब्द बोलली की मगच तो मशाल टेकवतो. त्याआधी नाही. जगबुडी झाली तरी नाही.

शिंगवाली पोरगी ध्वनिवर्धकातून काहीतरी बोलली. बेर्गलिंदने हात वर केला आणि लोक ओरडले. "लु-स्सि-मे! लु-स्सि-मे!" पोरं, बाया, बाप्ये, सगळे. वाफा निघत होत्या तोंडातून. मी स्वावाकडे बघत होते. ती इकडेतिकडे मान फिरवत होती. पडदा कुठला, हे तिला सापडत नव्हतं, कारण ओरडा सगळीकडून येत होता. मग तिने चांगला हात कानावर दाबला. दुसरा उचलत नाही तिला.

"पेटव, क्येतिल!" बेर्गलिंद म्हणाली.

क्येतिल हलला नाही. शिंगांकडे त्याने पाठ केली होती आणि टेकाडाकडे बघत होता. आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं. निळ्या पडद्याचा झगा घालून योरुन उतरत होती, घसरायला नको म्हणून कारखान्याचे रबरी बूट घालून.

ती सरळ आली आणि त्या पोरीच्या हातातून माईक काढून घेतला. "तू जा पोरी, बसमध्ये बस, गारठशील," तिला म्हणाली. मग आमच्याकडे वळली.

"ओरडून झालं?" ती म्हणाली. "घसे दुखले असतील. तुम्हाला माहीत आहे का तो शब्द कशाला केला होता? ओरडायला लागू नये म्हणून. दोन पोरींनी अंधारात, मार चुकवायला केला होता. माझ्या बहिणीच्या डोक्यात सगळं विझलं तरी तो जळत होता. दर रविवारी मी त्याच्या उजेडात तिला भेटत होते. तुम्ही तो भिंतींना फासलात. तिला आंघोळ घालताना तिच्या अंगावर ओतलात. प्रेमाने केलंत म्हणे. मला तुमच्या प्रेमाचा वीट आलाय!"

 ध्वनिवर्धकातून तिचा श्वास ऐकू येत होता.

"इल्लुगी, तुला मी वाढवलं. तुला मी काय नाही दिलं? मागितलं असतंस तर दुसरे शब्द बसून करून दिले असते तुला, पोतंभर. हा तू मागितला नाहीस. उचललास." इल्लुगी मान खाली घालून उभा. "आता ऐका निरोप. जायचं त्यांनी जावं, राहायचं त्यांनी राहावं, मला नि माझ्या माणसांना त्रास न देता. आणि लुस्सिमे, तूही जा. घ्या तो. टोप्यांवर घाला, कुंडात बुडवा, काय वाटेल ते करा. आजपासून तो आमचा नाही."

पहिल्यांदाच तिने तो बाहेर टाकून म्हटला होता. मग क्येतिलकडे वळून मान हलवली. "पेटव."

आग चांगली पेटली. गाणी मात्र कोणाला सुचेनात. बेर्गलिंद चित्रीकरणवाल्यांना काहीतरी समजावत होती. योरुन स्वावाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिच्या कानावर आपला हात धरून होती, ज्या बाजूचा हात उचलत नाही त्या बाजूच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इल्लुगीने स्वतः पडदा काढला. भिंतीत खिळ्यांची भोकं राहिली. मी तिथे होते, क्लेइना, म्हणजे पीळ दिलेल्या गोड शंकरपाळ्या, तळून नेल्या होत्या त्यांना. तो योरुनला म्हणाला, "मावशी, माझं चुकलं."

"हो," योरुन म्हणाली. "चुकलं." असू दे, जाऊ दे, असलं काही नाही. क्लेइना त्याच्यापुढे सरकवल्या तेवढ्या. तो खाऊन निघून गेला.

मग नुसता काळोखच. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य डोंगराआडच असतो, दिसतच नाही. योरुन दर रविवारी जायची, कारण जायचंच असतं. श्वास ओढायची नाही. कारखान्यातल्या गोष्टी सांगायची. स्वावा भोकं असलेल्या भिंतीकडे बघत बसायची. ऐकते की नाही, जागी की झोपलेली, काही कळायला मार्ग नाही. योरुन म्हणायची, "मूर्खपणा केला मी. रागाच्या भरात निरोप देऊन बसले. जरासा तरी उरला असता." मी म्हणायचे, "उरला नव्हता गं काही." ती म्हणायची, "तू गप्प बस." मी गप्प बसायचे.

जानेवारीच्या शेवटी सूर्य परत येतो त्या दिवशी आमच्याकडे साखर पेरलेली पातळ धिरडी आणि कॉफी असते. वृद्धाश्रमातही असते. मी कॉफी ओतत होते. तिन्नाने धिरडी आणली आणि योरुन तिच्यावर तुटून पडली. "ही धिरडी? बुटाचे तळवे आहेत गं! पलीकडचं दिसायला हवं यातून, आणि..."

खिडकीत ऊन आलं. पाण्यापलीकडे ते आधी त्या करड्या खडकावर पडलं, अंगण आता मोडलंय पण खडक आहे. स्वावाने भिंतीवरून डोळे काढले आणि खडकाकडे बघितलं. बराच वेळ. मग तिने श्वास आत ओढला, आणि त्या श्वासावर काहीतरी म्हणाली.

तो शब्द नव्हता. दुसराच होता. नवा. छोटासा.

योरुन धिरड्याचं बोलायची थांबली. हातातला काटा तसाच राहिला. स्वावाने पुन्हा म्हटला, जरा चिडून, तिला झोप लागली की काय म्हणून. मग योरुनने आत ओढून तो परत दिला. पहिल्यांदा नीट जमला नाही. स्वावाने मान हलवली, नाही म्हणून, आणि पुन्हा सांगितला. दुसऱ्यांदा जमला. स्वावा अर्ध्या तोंडाने हसली, पार डोळ्यापर्यंत.

तिन्ना दारात उभी होती. "काय म्हणाली? योरुन, काय म्हणाली ती?"

योरुनने एक अख्खं धिरडं तोंडात कोंबलं. "साखर कमी आहे म्हणतेय," ती म्हणाली. "आण जा."

इस्टरला इल्लुगी आला. माझ्या स्वयंपाकघरात बसून मला विचारलं, "हाल्ला, तू होतीस ना तिथे? तू ऐकलास?" ऐकला. कॉफी ओतत होते, बहिरी झाले नव्हते. त्याला म्हटलं, मासे साफ करायचेत, बसायचं तर सुरी घे. आणि तुम्हीही मला विचारू नका.